एकशे दहा वर्षं जुनं, अगदी नवं पद

६ जुलै, रविवार
आजपासून रोजनिशी. कुणाला वाचायला द्यायची नाही. पण जुन्या रचनाकारांनी काही लिहून ठेवलं नाही म्हणून आज लोक अंदाज बांधत बसतात. माझ्या बाबतीत तो घोळ नको.

दादरच्या संस्थेत कोर्स सुरू. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची नाट्यपदं ऐकायची, त्यांची चिरफाड करायची आणि शेवटी त्याच धाटणीचं एक नवं पद स्वतः रचायचं. ऐकणाऱ्याला ते जुनंच वाटलं पाहिजे. शिकवायला नूपुर मॅडम, वय तिशीच्या आत. त्यांच्या जन्माआधीपासून मी पेटी वाजवतोय, हे पहिल्याच तासाला त्यांच्या कानावर घातलं. त्या बरं म्हणाल्या.

मॅडमनी सांगितलं की ते जुने लोकसुद्धा चाली उचलायचे. लावणीतून, कानडीतून, मिळेल तिथून. पुस्तकात पदाच्या डोक्यावर चाल कुठली ते छापायचेही. ऐकून वाईट वाटलं. मी कुणाचं काही उचलणार नाही. माझी नक्कल शंभर टक्के ओरिजिनल असेल.

९ जुलै, बुधवार
एक्सेल शीट केली. वीस पदं, प्रत्येकात कुठला सूर किती वेळा, श्वास कुठे, तान कुठे. विम्याच्या कंपनीत तेहतीस वर्षं काढली, आकडे मला फसवत नाहीत. निष्कर्ष: सगळ्यात जास्त वेळा षड्ज. हे आजवर कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?

१२ जुलै, शनिवार
साध्या पेटीवर तो काळ उभा राहत नाही. पायपेटी हवी. खाली पायाने भाता मारायचा, वर दोन्ही हात मोकळे. नाटक कंपन्यांचं खरं वाद्य ते. प्रभादेवीच्या प्रफुल्लकडे, म्हणजे माझ्या चुलतभावाकडे, आमच्या आजोबांची पडून आहे. फोन केला. म्हणाला, आज ने, आत्ता ने, त्यावर लोणच्याच्या बरण्या आहेत तेवढ्या उतरवतो.

संध्याकाळी टेंपोतून आणली. जिन्याच्या वळणावर अडकली. चौघांनी तिला आडवी, उभी, पुन्हा आडवी केली. वरच्या मजल्यावरून सूचना येत होत्या. शेवटी बाहेरच्या खोलीत बसली. आता त्या खोलीत दुसरं काही बसत नाही.

एक पट्टी, काळी पाच, खाली अडकलेली आहे. भाता मारला की ती आपोआप वाजत राहते. दोष नाही. तंबोऱ्याची सोय झाली.

दुर्गाच्या महिला मंडळाची प्रॅक्टिस मंगळवारी-शुक्रवारी त्याच खोलीत असते. त्यांना म्हटलं गॅलरीत बसा, हवा छान येते.

१५ जुलै, मंगळवार
पोळ्या लाटता लाटता दुर्गाने सांगितलं की नानांनी यंदा गणपतीतली शेवटच्या गुरुवारची संध्याकाळ महिला मंडळाला दिली आहे. (नाना म्हणजे वाडीच्या उत्सवाचे अध्यक्ष. वय ऐंशी, निर्णय अंतिम.) पूर्ण एक तास. आणि त्यात दोन गाणी ती एकटी म्हणणार आहे. मी गंधार मोजत होतो. छान म्हटलं.

लग्नाआधी ती गाण्याच्या परीक्षा द्यायची. नंतर राहून गेलं. बऱ्याच जणांचं राहतं.

२२ जुलै, मंगळवार
मॅडमनी शेवटची परीक्षा कशी होणार ते सांगितलं. पद जाणत्या श्रोत्यांसमोर सादर करायचं आणि त्यांना ते नवीन आहे असं कळता कामा नये. जाणते श्रोते! आमच्या वाडीत रग्गड आहेत.

लगेच नानांना गाठलं. तर म्हणाले, एकही संध्याकाळ रिकामी नाही. फॅन्सी ड्रेस, जादूचे प्रयोग, पाककृती, सगळं ठरलंय. मी म्हटलं, गुरुवार द्या. बायका रोज आरतीला गातातच, त्यांना वेगळा दिवस कशाला? इतिहास काही रोज घडत नाही. नाना म्हणाले, दुर्गाला विचारलंस का? मी म्हटलं, विचारलं.

आज रात्री विचारणारच आहे. म्हणजे एकच.

२३ जुलै, बुधवार
विचारायचं राहिलं. ती दमली होती.

२४ जुलै, गुरुवार
आजही दमली होती.

२६ जुलै, शनिवार
नानांनी फळ्यावर लिहून टाकलं: गुरुवार, सायं. सात, श्री. अच्युत यांचे ऐतिहासिक नाट्यपद. महिला मंडळाच्या नावावर काट मारली होती. दुर्गा दूध आणायला खाली गेली तेव्हा तिने तिथे वाचलं.

वर येऊन काही बोलली नाही. पटलेलं दिसतं. जेवताना ताटात भाजी नव्हती. श्रावण लागलाय, त्यामुळे असेल.

३ ऑगस्ट, रविवार
चाल सुचत नाही. पहाटे उठतो, पायपेटीशी बसतो, उठतो, गॅलरीत फेऱ्या मारतो, परत बसतो. शीटमध्ये सगळं आहे. कुठे थांबायचं, कुठे वळायचं, कुठे टाळी घ्यायची. नुसती चाल तेवढी नाही. मासे नाहीत, त्यामुळेही चिडचिड होत असेल.

ठरलं: उद्यापासून रोज एक चाल. वाईट तर वाईट.

४ ऑगस्ट, सोमवार
रोज एक चाल हे यांत्रिक वाटतं. त्या काळचे लोक असे काम करत नसत.

८ ऑगस्ट, शुक्रवार
पायपेटी खिडकीकडे फिरवली. उपयोग नाही. भिंतीकडे फिरवली. आता कपाटाचं दार उघडत नाही. दुर्गाच्या साड्या आत. म्हणाली, राहू दे, नेसून जायला आता आहे कुठे.

हिच्या बोलण्यात हल्ली असं काहीतरी असतं. विचारायला हवं. पद झालं की विचारीन.

१२ ऑगस्ट, मंगळवार
शब्द झाले! विफल-नयन-जल-सिंचित-ललना. काय तो नाद. दुर्गाला ऐकवलं. तिने विचारलं, सिंचन कशाचं चाललंय? समजावलं की नायिकाच अश्रूंनी सिंचित आहे. म्हणाली, एवढी रडतेय तर कुणीतरी विचारावं तिला काय झालं म्हणून. मी म्हटलं, पदात तेवढी जागा नाही.

१५ ऑगस्ट, शुक्रवार
आजचा दिवस नीट लिहून ठेवतो.

संध्याकाळी पाच. गॅलरीत बायकांची प्रॅक्टिस. कार्यक्रम नाही तर नाही, निदान आरत्या तरी सुरात व्हाव्यात, असं दुर्गाचं म्हणणं. टाळ्या, झांजा, एकच कल्लोळ. एक आरती संपली की दुसरी, मग तिसरी, मग शेवटची प्रार्थना, आणि पुन्हा पहिल्यापासून. मी दार लावलं. खिडक्या लावल्या. आवाज येऊ नये म्हणून पंखाही बंद केला. घामाच्या धारा. कपाळ पायपेटीवर टेकून बसलो.

आणि आली! चाल आली! एकदम, अख्खी, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. कुठे अडखळणं नाही. जणू कुणी आतून सांगतंय आणि मी फक्त बोटं ठेवतोय. डोळ्यांत पाणी आलं. संथ लयीत बसवली, मध्ये अकरा ताना घातल्या.

तेहतीस वर्षं फाइली बघितल्या मी. कुठे होतं हे सगळं?

१७ ऑगस्ट, रविवार
दुर्गाला पूर्ण पद ऐकवलं. ती मान तिरकी करून ऐकत होती. म्हणाली, ओळखीचं वाटतंय. मी टुणकन उडालो! हीच तर परीक्षा. पहिल्यांदा ऐकून ओळखीचं वाटतं याचा अर्थ शैली शंभर टक्के पकडली. ती पुढे काही बोलणार होती. मी म्हटलं, बास, एवढंच हवं होतं.

शेजारच्या बेबीमावशी दारावरून जाता जाता थांबल्या आणि नकळत टाळी धरू लागल्या. सम बरोब्बर सापडली त्यांना. ब्याऐंशी वर्षांच्या बाईला!

२३ ऑगस्ट, शनिवार
मॅडमना ऐकवलं. गायला पुष्करला नेला होता. हा दादरचाच, लग्नांच्या स्वागतसमारंभात गातो, गळा चांगला आहे. मॅडम म्हणाल्या की ताना जागच्या जागी आहेत, अभ्यास दिसतो. (दिसणारच.) पण चाल कुठेतरी ऐकलेली वाटते, नेमकं कळत नाही. मग म्हणाल्या, घरी जाऊन सगळ्या ताना काढा, लय दुप्पट करा आणि साधं गाऊन बघा. कुठून आली ते तुम्हालाच कळेल.

डोंबलाचं कळेल. दागिने उतरवून नवरी बघायची का? तरुण आहेत, शिष्य पुढे जाताना बघवत नसेल. होतं असं.

२७ ऑगस्ट, बुधवार
गणपती आले. संध्याकाळी आरतीला उभा होतो, पण डोक्यात सातवी तान. शेवटच्या प्रार्थनेला सगळे नेहमीप्रमाणे टाळ्या वाजवत जागच्या जागी स्वतःभोवती फिरले. मी नाही फिरलो. मला क्षणभर वाटलं की हे लोक माझ्याच पदाच्या लयीत फिरतायत. काम डोक्यात भिनलं की माणसाला सगळीकडे आपलंच दिसतं.

१ सप्टेंबर, सोमवार
पुष्करचा मेसेज. घसा बसला. त्याच्या स्टेटसला वरळीच्या कुठल्याशा मंडळात काल गातानाचा त्याचाच व्हिडिओ आहे, त्यात घसा चांगला उभा होता. हरकत नाही.

२ सप्टेंबर, मंगळवार
मोठ्या मनाने दुर्गाला विचारलं की पद तू म्हणशील का. गौरीच्या आरासीचं सामान आवरत होती. हातातला डबा खाली ठेवून म्हणाली, गुरुवार माझा होता, तो तुम्ही मला न विचारता घेतलात. बोर्डावर वाचलं मी, चार बायकांच्या समोर. आता गळाही माझाच हवा?

थोडी चिडलेली वाटली. गौरीच्या कामांनी दमते.

मीच गातो. रचनाकाराने स्वतः गाणं हे जास्त अस्सल.

४ सप्टेंबर, गुरुवार, सकाळ
पायपेटी खाली मांडवात नेली. जिन्याच्या वळणावर पुन्हा अडकली. या वेळी प्रफुल्लने खांदा लावला आणि आतून काहीतरी फाटल्यासारखा आवाज आला. तो म्हणाला त्याचा शर्ट. शर्ट तर धड दिसत होता.

तबल्याला चिंतामणी. हा वाडीतला ढोलकीवाला, वीस वर्षं आरतीला वाजवतो. त्याला बजावलं, आज ढोलकी नाही, तबला, आणि संथ. म्हणाला, दादा टेन्शन नाय घ्यायचं.

४ सप्टेंबर, दुपार
जेवण जात नाही. तीनदा खाली जाऊन पायपेटीला हात लावून आलो. चौथ्यांदा गेलो तर नाना म्हणाले, पळून नाही जाणार ती. कुर्ता बदलला. परत पहिला घातला. नूपुर मॅडम येणार आहेत. दुर्गा येणार का ते विचारलं नाही.

५ सप्टेंबर, शुक्रवार, सकाळ
अभूतपूर्व. दुसरा शब्द नाही. अख्खी वाडी उभी राहिली! मांडवातला एकेक माणूस! असा प्रतिसाद त्या काळातसुद्धा

५ सप्टेंबर, दुपार
सकाळचं अर्धवट राहिलं. चहा घ्यायला खाली उतरलो होतो. आता जसं झालं तसं लिहितो.

मांडव भरलेला. मॅडम पुढच्या रांगेत, दुर्गा मागे बायकांत. मी सुरुवात केली आणि पहिल्याच ओळीला भाता फुसकन बसला. मोठं भोक पडलं होतं. सावकाश पाय मारला की सूर मरायचा. म्हणून जोरात मारू लागलो. पाय जोरात म्हणून बोटंही जोरात. दम लागला, पहिली तान सोडली, दुसरी सोडली, मग सगळ्याच गेल्या. विफल-नयन-जल एका श्वासात संपलं. लय दुप्पट झाली.

चिंतामणीची बोटं पहिल्यांदा फिरली. मुद्दाम नाही केलं त्याने. आरतीचा ठेका आपोआप सुरू झाला. मग बेबीमावशींनी टाळी धरली. मग पहिली रांग उभी राहिली, मग दुसरी, मग सगळी. चपला काढल्या लोकांनी. मला वाटलं, माझ्यासाठी! मी आणखी जोरात पाय मारले.

तेवढ्यात मागून दुर्गाचा आवाज आला. तिने शेवटची प्रार्थना उचलली होती, माझ्याच चालीवर. म्हणजे तिच्याच चालीवर. म्हणजे लोक वर्षानुवर्षं जी म्हणतात त्याच चालीवर. मग अख्खा मांडव म्हणू लागला आणि माझी ललना कुठल्या कुठे वाहून गेली. मग सगळे फिरले. टाळ्या वाजवत, स्वतःभोवती. नानासुद्धा काठी टेकवत टेकवत फिरले. प्रफुल्ल फिरला. मॅडम पहिल्यांदा हसू दाबत होत्या, मग त्याही फिरल्या.

कुणीतरी कापूर लावला. माझ्यासमोर प्रसादाचं ताट आलं. मी पेढा घेतला.

काय करणार होतो?

६ सप्टेंबर, शनिवार
विसर्जनाला गेलो नाही. मॅडमचा मेसेज आला. नियमाप्रमाणे पास आहात. एकाही श्रोत्याला पद नवीन आहे असं कळलं नाही. पुढे एक हसरं तोंड. सर्टिफिकेट घ्यायला यावं.

नाही जाणार.

९ सप्टेंबर, मंगळवार
दूध आणायला जाणं टाळतो. वाडीत एकच विषय आणि तो मी नाही. दुर्गाचा आवाज. भाजीवाल्यापासून नानांपर्यंत सगळे विचारतात की ही एवढी गाते तर इतकी वर्षं एकटी कधी गायली का नाही? नानांनी मला मांडवाच्या कोपऱ्यात गाठलं. म्हणाले, त्या दिवशी दुर्गाला विचारलंय असं म्हणाला होतास ना तू? मी मांडवाच्या बांबूची सुटलेली दोरी बांधू लागलो. नाना म्हणाले, बरं, बरं. कोजागरीची संध्याकाळ महिला मंडळाला दिली. पूर्ण दोन तास. तुझ्या बायकोला मी स्वतः जाऊन विचारलंय.

१० सप्टेंबर, बुधवार
रात्री दुर्गाला म्हटलं, चुकलं माझं. ती म्हणाली, कशात, चालीत? म्हटलं, नाही, गुरुवारात. तिने पांघरुणाची घडी उलगडली. मग म्हणाली, पंधरा ऑगस्टला आम्ही बाहेर तेच म्हणत होतो, मी सतरा तारखेला सांगणार होते, तुम्ही बास म्हणालात. मग हसायला लागली. पदर तोंडाला लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मलाही हसू आलं आणि मग फार लाज वाटली.

मांडवातून आणून पुन्हा कपाटासमोरच ठेवलेली पायपेटी तिथून हलवली. एकट्याने. कंबर धरली आहे.

३ ऑक्टोबर, शुक्रवार
मंडळाची प्रॅक्टिस आता बाहेरच्या खोलीत, पायपेटीशेजारी. गॅलरीत हवा लागते म्हणाल्या. प्रफुल्लने भात्याला ठिगळ लावून दिलं. शर्टाबद्दल काही बोलला नाही.

दुर्गाने मला साथीला घेतलंय. खूश होऊन दोन दिवस बोटांचा व्यायाम केला, कुठे काय भरायचं ते शीटमध्ये मांडलं. आज कळलं की बोटं नकोत. तिची पट्टी काळी पाच आणि ती पट्टी तर अडकलेलीच आहे, आपोआप वाजते. मी फक्त भाता मारायचा. एकसारखा. बाकी कशाला हात लावायचा नाही.

बायका बसल्या. दुर्गा एकटी गाऊ लागली. तिसऱ्या ओळीवर तिने एक सूर असा लावला की माझ्या शीटमध्ये त्याला रकानाच नाही. एकतीस वर्षं मी या बाईच्या शेजारच्या खोलीत पेटी वाजवतोय.

सूर एकदम बंद पडला. मला वाटलं पुन्हा भाता फाटला. पण मीच थांबलो होतो, ऐकत.

दुर्गाने मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. म्हणाली, अहो, पाय.